रोहिणीतले सरडे

मे संपत आला की परभणीत सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. नळाला पाणी आलं असेल तर भरून घ्यायचं, कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतायच्या, खिडक्या लावायच्या आणि दिवस कलेपर्यंत बाहेर पडायचं नाही, हा आमच्या गल्लीचा नेम. कूलर मागच्या अंगणाकडे आहे. टाकीत पाणी ओतताना समोर काटेरी तारेचं कुंपण दिसतं आणि तारेला आधार दिलेला बाभळीचा एक खांब. साल गेलेला, बुडाशी वाळवी लागलेला. वर्षातले बरेच महिने या खांबावर एक मातकट, अंगचोर प्राणी बसलेला असतो. कुणी जवळ गेलं की तो खांबाच्या पलीकडच्या अंगाला सरकतो आणि आपण दिसत नाही असं समजतो. तोच सरडा रोहिणी नक्षत्र लागलं की ओळखू येत नाही. डोकं, मान, खांदे लालभडक. गळ्याच्या दोन्ही अंगांना काळे डाग, गळ्याखालची कातडी फुगलेली. तालमीत पोरं जोर मारतात तसा तो पुढच्या पायांवर अंग उचलतो, टेकतो, पुन्हा उचलतो. मी दोन पावलं पुढे गेलो तरी हलत नाही. उलट एक पाऊल माझ्याकडे टाकतो.

लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की सरडा लांबूनच माणसाचं रक्त ओढतो, आणि ते प्यायल्यावर त्याचं तोंड लाल होतं. इंग्रजांनीही त्याला रक्तपिप्या अशाच अर्थाचं नाव दिलं होतं, म्हणजे ही भीती फक्त आमच्या गल्लीतली नव्हती. आम्ही पोरं शर्ट खाली ओढून बेंबी झाकायचो आणि मग त्याला दगड मारायचो. आधी भ्यायचं आणि मग मारायचं, हा क्रम तेव्हाही होता. बिचाऱ्याचा आमच्या रक्ताशी काही संबंध नव्हता. त्याला मादी हवी होती आणि खांब हवा होता. आमच्याकडे तर त्याचं लक्षही नव्हतं, हे कळायला मला बरंच वय व्हावं लागलं.

आमचं शेत जिंतूर तालुक्यात आहे. खालच्या अंगाला काळी जमीन, वरच्या अंगाला टेकडीच्या पायथ्याचा मुरूम. मधून धुरा जातो. पुण्याकडचे लोक त्याला बांध म्हणतात. धुऱ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चुलते. आजोबांच्या एकाच वावराचे हे दोन तुकडे. धुऱ्यावर तरवड, बोरी, दोन-चार बाभळी, उन्हाळ्यात पांढरं पडलेलं कुसळी गवत. वखरणी झाली आणि जमीन स्वच्छ दिसायला लागली की दरवर्षी माझ्या दादाला धुरा मागच्या वर्षीपेक्षा अरुंद वाटतो.

“औंदा पुन्हा एक तास कोरलाय बग त्यानं,” दादा फोनवर सांगतो.

एक तास म्हणजे औताची एक ओळ, फार तर वीतभर जमीन. चुलतभावालाही त्याच आठवड्यात धुरा अरुंद वाटतो. तोही मला फोन करतो. शहरात नोकरी केलेल्या माणसाकडे न्याय असतो, असा गावाकडे एक समज आहे. मी दोघांचंही ऐकून घेतो.

एका वर्षी दोघं समोरासमोर उभे असताना मी तिथे होतो. दादा तरवडाच्या या बाजूला, चुलतभाऊ त्या बाजूला. दोघांची नाकं सारखी, बोलताना मान झटकायची सवय सारखी, ती आजोबांची. आवाज चढत होते. त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर एका बोरीच्या फांदीवर एक लाल सरडा होता आणि शेजारच्या दगडावर दुसरा. तेही मान झटकत होते. मग दगडावरचा फांदीकडे धावला. दोघं मागच्या पायांवर उभे राहिले, एकमेकांचे जबडे धरले, गुरफटून खाली पडले. एवढ्या वेळात माणसांचं भांडण अजून आजोबांच्या वाटणीपर्यंतही आलं नव्हतं. सरड्यांचा निकाल लागला. हरलेला खाली मान घालून गवतात शिरला आणि बघता बघता त्याच्या अंगावरचा लाल रंग उतरून तो मातीसारखा झाला. माणसाला ही सोय नाही. हरलेला माणूस रंग सोडत नाही. तो तालुक्याला जाऊन वकील बघतो.

“काय बघायलास तिकडं?” दादा माझ्यावर ओरडला. “आम्ही हितं भांडायलोत आन तू सरडे बघायलास!”

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवून म्हणतो. ज्यानं ती म्हण केली त्यानं सरडा नीट पाहिला होता, यात शंका नाही. फक्त हिणवण्याचं काही कारण नव्हतं. कुंपण हे सरड्याच्या धावेचं शेवटचं टोक नसून तेच त्याचं गाव आहे. तिथं उंची मिळते, तिथून मादी दिसते, तिथूनच दुसरा नर येताना दिसतो. मुंग्या, नाकतोडे आपल्या पायांनी चालत येतात. असं ठिकाण सोडून तो पुढे कशाला धावेल? आपल्याकडेही ज्यांची सगळी हयात एका धुऱ्यापर्यंत धावण्यात गेली, अशी माणसं मी मोजायला बसलो तर घरापासूनच सुरुवात करावी लागेल.

गल्लीतल्या एका पोरानं मागे दोन सरडे पाळले होते. मासे मेल्यावर रिकामी पडलेली काचेची टाकी, तळाला कोरडी वाळू, एक वाळकी फांदी, वर जाळी. गवताच्या लांब काडीला फास करून सरडा धरायची विद्या आमच्या वेळेला सगळ्यांना यायची. ती अजून पोरांना येते, हे पाहून मला खरं तर बरं वाटलं. एक मोठा, एक लहान. हे दोघं दोस्त आहेत, असं त्यानं मला सांगितलं. नावंही ठेवली होती, क्रिकेटपटूंची. मोठा होता तो नर, लहान होती ती मादी. पोराला ते माहीत नव्हतं. आठवडाभर सगळं शांत होतं. मग एका सकाळी मोठा लाल झाला आणि टाकीत कहर सुरू झाला. तो काचेवर तोंड आपटायचा, कारण काचेत एक लाल सरडा दिसायचा. जाळी काढून नाकतोडा टाकायला हात आत घातला की हाताला चावायला यायचा. लहानीची मान तोंडात धरून टाकीभर फरफटवायचा. पोरगं रडकुंडीला आलं. “काका, दोस्त होते हो ते,” म्हणालं. “कामून भांडायलेत?”

मानेला धरलं ते भांडण नव्हतं, हे नऊ वर्षांच्या पोराला कसं सांगायचं, हा माझ्यापुढचा पेच. पण त्याचा प्रश्न चुकीचाही म्हणता येत नाही. बाहेर, बोरीच्या झाडावर, मादीला नको असेल तर ती दुसऱ्या फांदीवर जाते. हरलेल्या नराला गवत असतं. सरड्याच्या रागात पळायची वाट गृहीत धरलेली असते. तो राग मोकळ्या जागेच्या मापाचा असतो. दीड फुटाच्या काचेत आणला की तोच राग जिवावर बेततो. मोठा सरडा आम्ही त्याच दिवशी कुंपणावर सोडला. तो मागे न बघता गेला.

मादी ठेवायचा हट्ट पोरानं सोडला नाही. पुढचे कितीतरी दिवस ती टाकीचे कोपरे उकरत राहिली. पोट फुगलेलं, दोन्ही अंगांना अंड्यांचे उंचवटे दिसतील इतकं. वाळू उकरायची, थांबायची, पुन्हा दुसरा कोपरा. अंडी काही घालत नव्हती. पोराची आजी म्हणाली, तिला बाधा झाली असंल. आणि मला धारवाडची आठवण झाली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी याच सरड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आपल्या कुंपणावरच्या या साध्या सरड्यावर. त्यांच्या कामातली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. पाऊस लांबला, ओली माती मिळाली नाही, तर या सरड्याची मादी अंडी पोटातच थोपवून धरते. आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने. आतल्या गर्भाची वाढ एका टप्प्यापर्यंत येते आणि तिथे थांबते. ओल मिळाली की मग अंडी घालते, आणि वाढ पुढे सुरू होते.

तिच्या अंड्याचं कवच मऊ असतं, कातड्यासारखं. मातीतली ओल ते शोषून घेतं आणि अंडं फुगतं. कोरड्या जागी घातलं तर वाळून जाईल. म्हणून ती थांबते. मृगाकडे डोळे लावून, बियाण्याच्या पिशव्या घरात आणून, तिफण दारात ठेवून आमचा दादा थांबतो, त्यापेक्षा हे थांबणं कितीतरी जुनं आहे. आणि दादाला निदान हवामानखात्याला शिव्या देता येतात. एका वर्षी पहिल्याच शिडकाव्यावर भरवसा ठेवून गावानं सोयाबीन पेरलं, पुढे पंधरवडा कोरडा गेला आणि दुबार पेरणी करावी लागली. सरड्याची मादी अशी फसते का, याचा मी कधीतरी विचार करत बसतो. तिच्या अंगात असलेला अंदाज आमच्या अंगात कधीकाळी होता का, हाही.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं, टाकीत एका बाजूला वीतभर काळी माती भर आणि रोज पाणी शिंपड. तिसऱ्या दिवशी सकाळी मादीचं पोट खपाटीला गेलेलं होतं आणि माती वरून चोपून सारखी केलेली. ही माती ती डोक्यानं चोपते. खड्डा खणायचा, अंडी घालायची, बुजवायचा, वरून डोकं आपटून दाबायचा आणि निघून जायचं. पिलांकडे पुन्हा बघायचं नाही. पोराला वाटलं होतं ती आता कोंबडीसारखी बसेल. ती जाळीला लटकून बाहेर बघत होती. तिलाही आम्ही सोडली. अंड्यांची माती गेटाजवळच्या जास्वंदीखाली पालथी घालू नका, आहे तशी अलगद ठेवा, असं मी बजावून सांगितलं होतं. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, पोराची शाळा सुरू झाली.

कुणीही न पाळता प्रत्येकाच्या घरी पाळलेली असते ती पाल. परभणीतल्या माझ्या आईच्या खोलीत ट्यूबलाइटच्या एका टोकाला एक पाल राहायची, आणि दुसऱ्या टोकाला कुणालाही राहू द्यायची नाही. उजेडाला पाकोळ्या येतात, म्हणजे ट्यूबलाइट ही पालींच्या हिशेबात बागायती जमीन. अंधारा कोपरा कोरडवाहू. संध्याकाळी दिवा लागला की हिची चुकचुक सुरू व्हायची. आई जपाची माळ थांबवून म्हणायची, कुणीतरी आठवण काढली. कधी म्हणायची, खरं बोलले बघ मी. पाल अंगावर पडली तर काय होतं, ते आमच्या पंचांगात अवयवाप्रमाणे दिलेलं आहे. डोक्यावर पडली तर वेगळं, उजव्या खांद्यावर वेगळं. सरडा चढला तर त्याचंही फळ आहे. एवढी बारीक नोंद ठेवणाऱ्या माणसांनी ती पाल मुळात का पडते, हे मात्र कुठं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. पाल कधी कधी भांडताना पडते. दोन नर छताला उलटे लटकून एकमेकांना धरतात, पकड सुटते आणि खाली कुणाचं तरी भविष्य ठरतं. आणि ती चुकचुक म्हणजे दुसऱ्या पालीला दिलेली ताकीद असते: हा दिवा माझा.

आईच्या खोलीत एकदा भिंतीवर तुटलेलं शेपूट वळवळत पडलं होतं आणि शेपटाची मालकीण की मालक फोटोमागे बसला होता. देवाच्या त्या फोटोमागे नंतर दोन पांढरी अंडी सापडली, हरभऱ्याएवढी, टणक. आई चिडली नाही. देवाच्या मागे आसरा घेतलाय, राहू दे, म्हणाली. नंतर त्या खोलीत पावसाळाभर एकच पाल दिसत होती, तरीही पुढच्या खेपेला पुन्हा दोन अंडी. घरात फिरणाऱ्या पालींच्या काही जातींमध्ये मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवते आणि महिन्यांनंतरही फळती अंडी घालते. म्हणजे जे अचानक झालं असं आपल्याला वाटतं, ते कुठल्यातरी मागच्या ऋतूत ठरलेलं असतं. आपण तेव्हा भिंतीकडे बघत नव्हतो, इतकंच.

माझी भाची मेलबर्नला असते. तिच्या मुलाला कुत्रा हवा होता, भाड्याच्या घरात चालत नव्हता, म्हणून परवाना काढून त्यांनी दाढीवाले सरडे आणले. तिकडच्या कोरड्या मुलखातले हे सरडे. गळ्याभोवती काट्यांची झालर, स्वभावानं गरीब, खांद्यावर बसून टीव्ही बघणारे. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही आता इग्वाना वगैरे पाळणारे आहेत. २०२४ पासून परदेशी जातीच्या अशा कितीतरी प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. माझ्या बहिणीला हे सगळंच अघोर वाटतं. घरात शिरलेले सरडे केरसुणीनं बाहेर काढण्यात तिचा जन्म गेला, आणि नातू त्यांना ढोबळी मिरची कापून घालतो.

भाचीनं एक फोटो पाठवला होता. दोन पिलं, एकावर एक झोपलेली, वर दिव्याचा उबदार पिवळा उजेड. खाली लिहिलं होतं, भावाभावांचं प्रेम. आम्ही सगळ्यांनी हृदयं पाठवली. नंतर प्राण्यांच्या डॉक्टरनं तिला सांगितलं, हे प्रेम नव्हे. या सरड्यांना ऊब दिव्याकडून घ्यावी लागते आणि मोठं पिलू लहानाच्या अंगावर चढून दिवा बळकावतं. खालचं अर्धपोटी, अर्धथंड राहतं. फोटो आता बघितला की तो तसाच दिसतो. आधी तसा का दिसला नव्हता? एकत्र कुटुंबातले आमचे जुने फोटो काढून बसलो तर त्यातही कोण कुणाच्या अंगावर बसलंय ते बघावं लागेल, म्हणून मी तो अल्बम काढत नाही.

मेलबर्नचा वसंत सप्टेंबरात येतो. त्या सप्टेंबरात मोठ्या भावाची दाढी काळी कुळकुळीत झाली. तो मान खालीवर झटकायला लागला, काचेवर धडका देऊ लागला, भाचीच्या मुलाच्या बोटाला चावला. लहान भाऊ एक हात उचलून हळूहळू गोल फिरवायचा. पोराला वाटलं तो टाटा करतोय. ते हात फिरवणं म्हणजे या सरड्यांच्या भाषेत, मी तुझ्यापुढे लहान आहे, मला मारू नको. मग लहान भावानं टाकीतली माती उकरायला सुरुवात केली आणि पंधरा-वीस अंडी घातली. घरात हलकल्लोळ. भाचीचा फोन आला.

“मामा, तो ती निघाली,” ती म्हणाली. हसत होती की घाबरली होती, कळेना.

या जातीत आणखी एक गुंता आहे. गुणसूत्रांनी नर असलेलं अंडं फार उष्णतेत उबलं, साधारण ३२ अंशांच्या वर, तर त्यातून बाहेर येणारं पिलू मादी असू शकतं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रानातही अशा माद्या सापडल्याचं प्रसिद्ध केलं. अंगातली खूण नराची, आणि अंडी मात्र घालते. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचंही पिलू नर होणार की मादी, हे अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं, असं दिसून आलं आहे. मी परभणीच्या उन्हाळ्याचा विचार करतो. ४४ अंशांत तापलेल्या त्या धुऱ्याच्या मातीत, एका वितीच्या खोलीवर, कुणाचं काय ठरत असेल.

आणि इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातली ती फ्लोरा. कोमोडो ड्रॅगन, जगातली सगळ्यात मोठी घोरपड. तिनं कधी नराचं तोंड पाहिलं नव्हतं. २००६ मध्ये तिनं २५ अंडी घातली आणि त्यातली ११ फळती निघाली. नराशिवाय. सांभाळणाऱ्यांनी तिची सगळी दिनचर्या लिहून ठेवली असणार, खाणं, वजन, ऊब. हे एक कुणाच्या वहीत नव्हतं. पाळलेला प्राणी आपल्याला ओळखू लागतो, हात दाखवला की जवळ येतो, आणि आपल्याला वाटतं तो आपला झाला. मग एक ऋतू येतो. त्या ऋतूचं कॅलेंडर आपण भिंतीवर लावलेलं नसतं. त्या दिवसांत आपण त्याच्या लेखी मालक नसतो, मित्र नसतो, शत्रूही नसतो. वाटेत आलेली एक फांदी असतो फार तर. भाचीच्या मुलाला बोटावरच्या जखमेपेक्षा हेच जास्त लागलं असावं. आठ दिवस तो त्या टाकीजवळ गेला नाही.

साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याचा पंखा फुलवणारे सरडे आहेत. निळा, काळा, नारिंगी असा तो पंखा. नर दगडावर चढून तो उघडतो-मिटतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या मंडळींची वेगळी प्रजाती केली तेव्हा तिचं शास्त्रीय नाव ‘सरडा’ असंच ठेवलं. या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. २०१८ मध्ये मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी, त्यामुळे तिथं सरडे जास्त आणि निवांत. माणूस अगदी जवळ आला तरी पळत नाहीत. अंगात भीतीचं रसायन कमी. पण नरांचे रंगही फिके. खाणारी तोंडं वाढली, वाट्याला येणारं अन्न घटलं आणि रंगाला काही उरलं नाही. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. घारीची भीती गेली की सुख येईल, असं आपण धरून चाललेलो असतो. सुख आलं असेलही. सरड्याला कुणी विचारलेलं नाही.

आमच्या जिंतूरच्या टेकड्यांत घोरपडी आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर दोन नर घोरपडी मागच्या पायांवर उभ्या राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून झुंजतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जुने दोस्त भेटले. वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. तरी तिची चरबी, कातडं, मांस, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. आणि आणखी एका गोष्टीला. जत्रांत, देवळांच्या वाटेवर, अलीकडे मोबाइलवरही ‘हत्था जोडी’ विकली जाते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी एक दुर्मिळ मुळी, तिजोरीत ठेवली की बरकत, कोर्टकचेरीत यश. २०१७ मध्ये ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग आहे, हे तपासण्यांतून उघड झालं. नराला ते दोन असतात, म्हणून हात जोडल्यासारखं दिसतं. आठवडी बाजारात तंबू ठोकून बसणारे वैदू सांड्याचं तेल विकायचे, तोही राजस्थान-गुजरातकडचा एक गरीब, गवत खाणारा सरडा. त्याची चरबी पुरुषांना कशासाठी विकतात ते भर बाजारात लाउडस्पीकरवरून सांगितलं जायचं आणि आम्ही शाळेतून येताना ते ऐकायचो. सरड्याला वर्षातून काही आठवडे जे मिळतं ते आपल्याला बारमाही हवं असतं, त्यासाठी ही सगळी खटपट. रंग उतरवता येत नाही तो प्राणी म्हणजे माणूसच.

आणि कोर्टात यश मिळावं म्हणून कुणी हत्था जोडी घेतली असेल, तर ती घेणारा माणूस आमच्या गावचाच असणार, असं मला उगाच वाटतं. घोरपडही त्याच धुऱ्यावरची असेल.

चुलतभावानं या वर्षी सरकारी मोजणीचे पैसे भरले आहेत. दादाला ते अपमानासारखं वाटलं. “मोजणी आणायला मी काय परका हाय का?” हा त्याचा प्रश्न. परक्याशी कुणी धुऱ्यावर भांडत नाही, हे त्याला सांगून उपयोग नाही. परका माणूस समोर दिसला की बोलणी होतात, दलाल येतात, व्यवहार होतो. आपल्यासारखंच नाक, आपल्यासारखीच मान समोर दिसली की मात्र अंगातलं काहीतरी खांबावर चढून बसतं. दोघांनीही मला मोजणीच्या दिवशी बोलावलं आहे. कुणाच्या बाजूला उभं राहणार, असं दोघांनी विचारलं, दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत. मी म्हणालो, तरवडाच्या सावलीत.

भाचीनं अंड्यांचं काय केलं ते मी विचारलं होतं. सगळी ठेवली तर पुढच्या वर्षी घरात वीस सरडे, आणि प्रत्येकाला वेगळी टाकी, वेगळा दिवा. डॉक्टर म्हणाले, नको असतील तर फ्रीजरमध्ये ठेवा. ते तिच्या हातून होईना. शेवटी चार ठेवली. मुलानं ऊब २९ अंशांवर लावली आहे आणि तो दिवसातून दहा वेळा काटा बघतो. मोठ्याची टाकी त्याच्या खोलीत, लहानीची दिवाणखान्यात, मध्ये भिंत. दिवाणखान्यातली टाकी आपल्या खुर्चीच्या जागेवर आली म्हणून भाचीचा नवरा धुसफुसतोय, असं बहिणीनं सांगितलं. बहिणीला त्यात काही चूक वाटत नाही. तिच्या मते पुरुषमाणसाची घरात एक तरी ठरलेली जागा असावी.

मृग कोरडा चालला आहे. दादानं परवा रात्री फोन केला तेव्हा सगळं गाव जागं होतं, लाइट नव्हती. मोजणीची तारीख आर्द्रा नक्षत्रात आली आहे, म्हणजे पाऊस वेळेवर झाला तर पेरणी आधी आणि मोजणी नंतर. मग त्या मधल्या पट्ट्यात कुणी पेरायचं, यावर नवा वाद आहे. तीन हात रुंद, आणि शेताएवढा लांब. चुलतभाऊ म्हणतो, दोघांनी मिळून तूर टाकू. दादा म्हणतो, तूर उभी राहिली की ती त्याची होईल. दोघांचंही म्हणणं मला पटतं.